नागपूरच्या उन्हाळ्यात द्रावक बदलताना: एका सूक्ष्मकण प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

मे महिन्यातली दुपार. लाइट गेलेली, कूलर बंद, भिंतीवरच्या तापमापकात 41 अंश. आमच्या प्रयोगशाळेच्या काकांनी कपाटातून डीसीएमची बाटली काढली, झाकण फिरवलं, आणि ते हातातून सुटून टेबलाखाली गेलं. आत बघितलं तर तळापासून बुडबुडे वर येत होते. "मॅडम, हे बाटली उकळून राहिली न बाप्पा," काका म्हणाले. खरंच उकळत होती. डीसीएम, म्हणजे डायक्लोरोमिथेन, 39.6 अंश सेल्सिअसला उकळतं. 2013 च्या मे महिन्यात या शहरात 47.9 अंशांची नोंद झाली आहे. अशा ठिकाणी उन्हाळ्याच्या दुपारी हा द्रावक नुसता बाहेर काढला तरी उकळतो.

त्या दिवशी प्रयोग थांबवला, खिडक्या उघडल्या आणि हा प्रकल्प आता दुसऱ्या द्रावकावरच न्यायचा असं ठरवलं. पुढच्या सात-आठ महिन्यांत काय झालं ते सविस्तर लिहिते आहे. "डीसीएमच्या जागी इथाइल ॲसिटेट वापरा" हा सल्ला एका ओळीत मिळतो. त्या ओळीवर विसंबून आम्ही पहिले सहा आठवडे घालवले, कारण बाटली बदलली आणि कृती मात्र जुनीच ठेवली.

काम काय होतं

एम. फार्म.च्या एका विद्यार्थिनीचा प्रकल्प. पीएलजीए या पॉलिमरचे सूक्ष्मकण करायचे आणि त्यात कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, बंद करायचा. पीएलजीए लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांपासून बनतं आणि शरीरात पाण्याच्या संपर्कात हळूहळू तुटत जातं. म्हणून औषध दिवसेंदिवस थोडं थोडं सोडायचं असेल तेव्हा ते वापरतात. कर्क्युमिन निवडण्यामागे एक व्यावहारिक कारणही होतं: ते डोळ्यांना दिसतं. औषध कणातून निसटलं की पाणी पिवळं होतं.

पद्धत जुनी आहे. पॉलिमर आणि औषध द्रावकात विरघळवायचं. हे द्रावण पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) घातलेल्या पाण्यात जोरात घुसळायचं, म्हणजे त्याचे बारीक थेंब होतात; पीव्हीए थेंबांना एकमेकांना चिकटू देत नाही. मग द्रावक थेंबातून निघून जातो आणि मागे घट्ट गोल कण उरतो. बुंदी पाडताना जे होतं तेच इथे होतं. झाऱ्यातून पडलेला थेंब तेलात आधी बाहेरून धरतो, मग आतून शिजतो. तेल फार तापलेलं असेल तर बाहेरून लगेच कडक होतो आणि आत पोकळी राहते.

आमचं तेल दर ऋतूत वेगळं तापलेलं असायचं. डिसेंबरात डीसीएम संथपणे उडायचं आणि मायक्रोस्कोपखाली गोल, तुळतुळीत कण दिसायचे. एप्रिलपासून त्याच कृतीने खळगे पडलेले, काही फुटलेले, काही आत बसलेले कण मिळायचे. विद्यार्थिनीने थिसिससाठी दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि विचारलं, "मॅडम, यातला कोणता माझा निकाल?" कृतीत खोलीचं तापमान लिहिलं होतं, पण नागपूरच्या 'खोलीच्या तापमानात' जानेवारी आणि मे या दोहोंत पंचवीसेक अंशांचं अंतर असतं. हा प्रश्न हवेच्या आणि आरोग्याच्या प्रश्नाइतकाच मोठा होता, आणि तो आम्ही आधीच बघायला हवा होता.

आरोग्याचं गणित मी तिला फळ्यावर करून दाखवलं. एका बॅचला 10 मिलिलिटर डीसीएम, म्हणजे 13.3 ग्रॅम. पद्धतीचा अर्थच असा की हे सगळं शेवटी हवेत जायचं. आमची खोली साधारण 100 घनमीटर. हवा खेळती नसेल तर दर घनमीटरला 133 मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे 38 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 38 भाग). अमेरिकेत कामगारांसाठी आठ तासांच्या सरासरीची मर्यादा 25 पीपीएम आहे. ती मर्यादा आम्ही एका बॅचमध्ये ओलांडू शकत होतो, आणि ती दिवसाला तीन बॅच करायची. वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटाची, म्हणजे फ्यूम हूडची, मोटार कित्येक महिने दुरुस्तीला गेलेली होती. पत्रं दिली, स्मरणपत्रं दिली, हूड तसाच राहिला. ज्या संस्थेत हे झालं तिचं नाव मी लिहीत नाही. पण मुलीचं डोकं दुपारनंतर दुखायचं आणि ती ते उन्हावर ढकलायची, याचा राग मला अजून आहे. शरीरात गेलेल्या डीसीएमपासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने डीसीएमला माणसात 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवलं आहे. 2024 मध्ये अमेरिकेने त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी आणली. त्याचा वास नाकाला जाणवतो तोवर मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते.

संत्र्याचं तेल का नाही

नागपुरात 'हरित द्रावक', म्हणजे माणसाला आणि पर्यावरणाला कमी घातक द्रावक, म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो. संत्र्याच्या सालीतल्या तेलात मुख्यतः लिमोनीन असतं आणि ते थर्माकोल झटकन विरघळवतं. प्रात्यक्षिक दाखवायला छान. पण लिमोनीन हायड्रोकार्बन आहे, पीएलजीए त्यात विरघळत नाही. शिवाय ते 176 अंशांना उकळतं, म्हणजे कणातून बाहेर काढणं महाकठीण. हवेत राहिलं की ऑक्सिडीकरण होऊन त्वचेला ॲलर्जी देणारे पदार्थ तयार होतात. झाडापासून आलं म्हणजे आपल्या कामाचं, असं होत नाही. संत्र्यावर माझं कितीही प्रेम असलं तरी या कामात त्याला जागा नाही.

डायमिथाइल कार्बोनेट चांगला उमेदवार होता, पण आम्हाला तो लगेच मिळत नव्हता. दोन-मिथाइल टेट्राहायड्रोफ्युरान साठवणीत स्फोटक पेरॉक्साइड करतं. मे महिन्यात मला ती जोखीम नको होती. कार्बन डायऑक्साइड 31 अंश आणि 74 बारच्या वर नेऊन वापरायची पद्धत सुंदर आहे, पण त्याला लागणारं दाबपात्र आमच्याकडे नाही.

इथाइल ॲसिटेट उरलं. ते इथेनॉल आणि ॲसिटिक आम्लापासून बनतं, आणि आपल्या राज्यात इथेनॉल उसाच्या मळीपासून होतंच. हळदीतून कर्क्युमिन काढतानाही तो वापरला जातो. कामाच्या जागी अमेरिकी मर्यादा 400 पीपीएम. औषधात उरलेल्या द्रावकासाठी आयसीएच या आंतरराष्ट्रीय औषध-मानक संस्थेची जी मार्गदर्शिका आहे तिच्यात डीसीएम दुसऱ्या वर्गात, 600 पीपीएमच्या मर्यादेसह. इथाइल ॲसिटेट तिसऱ्या, सौम्य वर्गात, 5000 पीपीएम. उकळबिंदू 77 अंश, म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यालाही पुरून उरणारा.

पिवळ्या शेवया

पहिली बॅच जुन्याच मापाने केली. 500 मिलिग्रॅम पीएलजीए 10 मिलिलिटर इथाइल ॲसिटेटमध्ये, ते 50 मिलिलिटर पाण्यात, पाण्यात 1 टक्का पीव्हीए. होमोजिनायझर, म्हणजे जोरात घुसळणारं यंत्र, चालू केला आणि काही सेकंदांत पात्याभोवती पिवळं काहीतरी गुंडाळलं गेलं. मशीन बंद करून चिमट्याने ओढलं तर लांब धागा निघाला. स्लाइडवर गोल कण मोजकेच. बाकी सगळ्या शेवया, तुकडे आणि गाठी. दुसऱ्या वेळी वेग वाढवला, तिसऱ्या वेळी पीव्हीए दुप्पट केलं. शेवया जरा बारीक झाल्या, एवढंच.

कारण पाण्याशी असलेल्या नात्यात होतं. 100 मिलिलिटर पाण्यात डीसीएम जेमतेम दीड-दोन ग्रॅम विरघळतं, इथाइल ॲसिटेट सुमारे 8 ग्रॅम. आमच्या 50 मिलिलिटर पाण्याची 4 ग्रॅम इथाइल ॲसिटेट पिऊन टाकायची तयारी होती, आणि आम्ही ओतत होतो एकूण 9 ग्रॅम. म्हणजे जवळजवळ निम्मा द्रावक पहिल्याच क्षणी पाण्यात पळत होता, पात्याने थेंब तोडायच्या आधी. पॉलिमर मधल्यामध्ये उघडा पडला आणि ओढला गेला तसा गोठला. डीसीएमच्या वेळी तेच पाणी 13 ग्रॅमांतलं एखादा ग्रॅम घेऊन थांबायचं, उरलेलं सावकाश हवेत जायचं. तिथे द्रावकाला बाहेर काढायचं काम हवा करत होती, इथे पाणी करणार होतं. इतका मोठा फरक आम्ही कृतीत शून्य ओळींनी नोंदवला होता.

उपाय एका वाक्याचा आहे: पाण्याला आधीच पोटभर इथाइल ॲसिटेट पाजा. पाणी तृप्त असेल तर ते थेंबातून आणखी ओढणार नाही, थेंब निवांत फुटतील, गोल होतील. मग वरून साधं पाणी घालायचं, की द्रावक आपण ठरवू त्या वेगाने बाहेर येईल.

पाणी तृप्त करताना एक चूक झाली, ती लिहून ठेवते, कारण ती कुणाच्याही हातून होईल. सेपरेटिंग फनेलमध्ये पीव्हीएचं पाणी आणि जास्तीचं इथाइल ॲसिटेट हलवून ठेवलं, दोन थर झाले. डीसीएम पाण्यापेक्षा जड, ते नेहमी खाली बसतं. वर्षभर तोच सराव असलेल्या मुलीने तोटी उघडली, खालचा थर द्रावकाचा समजून टाकाऊ बाटलीत सोडला आणि वरचा 'पाण्याचा' म्हणून बीकरमध्ये घेतला. इथाइल ॲसिटेटची घनता 0.90 आहे. ते वर तरंगतं. बीकरमध्ये होतं ते सगळं द्रावक, आणि पाणी गेलं होतं टाकाऊत. ती रडवेली झाली. मी म्हटलं, "अगं, हात जुन्या बाटलीच्या सवयीने चालले." तेव्हापासून फनेलवर मार्करने लिहिलेलं आहे: 'पाणी खाली'.

हिशेब आणि बर्फ

वरून किती पाणी घालायचं तेही अंदाजाने ठरवायचं नाही. तृप्त पाण्यातलं 4 ग्रॅम आणि थेंबांतलं 9, एकूण 13 ग्रॅम इथाइल ॲसिटेट. 8 टक्क्यांच्या हिशेबाने ते सामावायला किमान 165 मिलिलिटर पाणी हवं. इतकंच ठेवलं तर शेवटचा द्रावक कणात अडकून राहतो. आम्ही 300 मिलिलिटर जास्तीचं घातलं, म्हणजे एकूण 350; त्यात द्रावकाला निम्म्याहून जास्त जागा मोकळी राहते.

आता घालण्याचा वेग. सगळं एकदम ओतलं की कणाला वरून चटकन कातडी येते, आत भोकं राहतात. फार सावकाश, थेंबाथेंबाने घातलं की कण तुळतुळीत येतात, पण पाणी पिवळं होत जातं: इथाइल ॲसिटेट मिसळलेलं पाणी कर्क्युमिनलाही थोडं सोबत नेतं. बीकरमागे पांढरा कागद धरून आम्ही दर मिनिटाला रंग बघायचो. पिवळेपणा कमी आणि गोलाई चांगली, असा वेग सापडायला पंधरा-सोळा बॅच लागल्या. डीसीएमशी तुलना करता थोडं जास्त औषध अजूनही पाण्यात जातं. हा तोटा थिसिसमध्ये स्पष्ट लिहायला मी तिला सांगितलं.

एवढं जमल्यावर वाटलं, झालं. कण गाळून, फिल्टर पेपरवर पसरून रात्रभर खोलीतच वाळत ठेवले. सकाळी पेपरवर पिवळी पापडी. एकसंध, वाकवली तर कडकन तुटणारी. रात्री बंद खोलीत तापमान 38 च्या खाली उतरलंच नव्हतं. कोरडं पीएलजीए साधारण 45 ते 50 अंशांच्या आसपास काचेसारखं कडक न राहता मऊ व्हायला लागतं. ते ओलं असेल, त्यात द्रावकाचा अंश उरला असेल, तर हा बिंदू कितीतरी खाली येतो. म्हणजे आमचे ओले कण रात्रभर मऊ गुळासारखे एकमेकांना टेकून बसले आणि चिकटले. थंड गावातल्या प्रयोगशाळेत हा प्रश्न कुणाला पडलाही नसता.

म्हणून बर्फ आला. काका सकाळी येताना बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा गोणपाटात गुंडाळून आणायचे, फोडून टबात घालायचे. बीकर त्यात बसवून पूर्ण कृती 15 अंशांच्या आसपास करायची, धुवायचं पाणी फ्रिजमधलं, गाळल्यावर लगेच गोठवायचं आणि दुसऱ्या विभागातल्या फ्रीझ ड्रायरमध्ये वाळवायचं. थंड पाण्यात इथाइल ॲसिटेट जरा जास्तच विरघळतं, त्यामुळे तृप्त करणंही त्याच तापमानाला करावं लागतं. खोलीत तृप्त केलेलं पाणी बर्फात ठेवलं की पुन्हा तहानलेलं होतं. हे कळायला आणखी दोन शेवयांच्या बॅच लागल्या. बर्फ आणि फ्रीझ ड्रायर दोन्हींना वीज लागते. हरित म्हणवून घेताना हा खर्चही आपल्याच वहीत लिहावा लागतो.

कूलर

डीसीएम साध्या परिस्थितीत पेट घेत नाही, त्यामुळे आमच्या खोलीला आगीची सवय नव्हती. इथाइल ॲसिटेटचा ज्वलनबिंदू उणे 4 अंश आहे. म्हणजे नागपुरात वर्षातल्या कुठल्याही दिवशी त्याच्या वाफेला ठिणगी पुरते. वाफ हवेपेक्षा जड, ती टेबलावरून उतरून फरशीवर पसरते. आणि आमच्या खिडकीत वाळ्याच्या जाळ्यांचा कूलर: साधी मोटार, साधं बटण, ढिला प्लग. मला हे सुचलंच नव्हतं. काकांनीच विचारलं, "मॅडम, हे पेट्रोलवानी पेटते म्हणता, अन् कूलरचं बटन तं चिनग्या टाकते, मग कसं करायचं?" त्या दुपारीच कूलर खोलीबाहेर, पॅसेजमध्ये गेला. होमोजिनायझरची जागा बदलली, 500 मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली खोलीत ठेवायची नाही असं ठरलं, आणि हूडसाठी या वेळी मी अर्ज घेऊन स्वतः जाऊन बसले. मोटार तीन आठवड्यांनी आली. गोड फळासारखा, नेलपेंट रिमूव्हरसारखा वास असल्याने मुलांना या द्रावकाची भीती वाटत नाही. ती भीती मुद्दाम शिकवावी लागते.

पाण्याचं काय केलं

इथे मी सगळ्यात जास्त थांबले. डीसीएम हवेत जायचं, ते दिसायचं नाही. आता सगळा द्रावक आमच्यासमोर पाण्यात होता. सिंकमध्ये ओतला असता तर कुणी विचारलं नसतं. पण ज्या शहरात 1958 पासून पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था आहे आणि ज्या शहराची नाग नदी आपण नाला म्हणून ओळखतो, तिथे हा हिशेब टाळायचा नव्हता. 1 ग्रॅम इथाइल ॲसिटेट पूर्ण कुजायला 1.82 ग्रॅम ऑक्सिजन लागतो. 350 मिलिलिटरमध्ये 13 ग्रॅम, म्हणजे लिटरमागे सुमारे 67,000 मिलिग्रॅम ऑक्सिजनची मागणी. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याला मर्यादा आहे 250. इथाइल ॲसिटेट जिवाणू सहज खातात हे खरं, पण खाताना पाण्यातला प्राणवायू तेच संपवतात.

आम्ही हे पाणी जमा करून रोटाव्हॅपवर, म्हणजे कमी दाबाखाली द्रावक उकळून परत गोळा करणाऱ्या यंत्रावर, घेतलं. पाणी आणि इथाइल ॲसिटेट एकत्र 70 अंशांच्या थोडं वर उकळतात, आणि वर येणाऱ्या वाफेत आठेक टक्के पाणी असतंच. दाब कमी केला की आणखी कमी तापमानाला काम होतं. गोळा झालेल्या द्रावकाचे थर होतात, वरचा थर इथाइल ॲसिटेटचा, पण ओला. ओला द्रावक पीएलजीएला घातक, पाण्याने त्याच्या साखळ्या तुटतात. काही दिवस आम्ही तो सुकवायच्या मागे होतो. मग विद्यार्थिनीच म्हणाली, "मॅडम, आपल्याला पाणी तृप्त करायलाही इथाइल ॲसिटेट लागतंच ना? तिथे ओला असला तर काय बिघडतं?" काहीच बिघडत नव्हतं. तेव्हापासून नवा द्रावक फक्त पॉलिमर विरघळवायला आणि परत मिळवलेला फक्त पाणी तृप्त करायला. त्या बाटलीवर काकांनी लाल अक्षरांत लिहिलं आहे: 'पाण्यासाठी. पॉलिमरले नाही.' उरलेलं पीव्हीएचं पाणी बाकीच्या टाकाऊ रसायनांबरोबर वेगळ्या डब्यातून बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्रात जातं.

डिसेंबरात, पहाटे 12 अंश असताना, हीच कृती पुन्हा केली. बर्फ लागला नाही, बाकी सगळं तसंच. बर्फात केलेल्या आणि डिसेंबरच्या स्लाइड मी तारखा झाकून तिच्यापुढे ठेवल्या. तिला ओळखता आल्या नाहीत, मलाही आल्या नाहीत. कणातल्या उरलेल्या द्रावकाची तपासणी बाहेरून करून घेतली, तीही मर्यादेच्या आत आली.

डीसीएमची एक बाटली अजून फ्रिजमध्ये आहे. पुढच्या विद्यार्थ्याला पीएलएलएवर, म्हणजे नुसत्या लॅक्टिक आम्लाच्या पॉलिमरवर, काम करायचं आहे, आणि तो स्फटिकी पॉलिमर इथाइल ॲसिटेटमध्ये विरघळत नाही. डायमिथाइल कार्बोनेटची बाटली मागवली आहे. ते पाण्यात इथाइल ॲसिटेटपेक्षाही जास्त विरघळतं, तेव्हा तृप्त करण्याचा हिशेब पहिल्यापासून मांडावा लागेल. तोवर त्याला पीएलएलए काढू दिलेलं नाही. फनेल, बर्फ आणि एथिल सेल्युलोज हा दुसरा पॉलिमर यांवर हात बसवायला सांगितलं आहे.